फ्रीज भरलेला, तरी गुरुवारी भाजी नाही: आठवड्याच्या बाजाराचा बिघाड कसा शोधावा

नात्यात, शेजारी, पुण्यात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मुलामुलींच्या घरी हा एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा बघितला आणि दुरुस्त केला आहे. घरं वेगळी असतात, पण खोट बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. म्हणून तपासणीचा क्रम लिहून देते. फुकटातल्या तपासण्या आधी आहेत, कष्टाच्या आणि खर्चाच्या नंतर. एक बदल केला की आठवडाभर तसाच चालू द्या. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

लक्षणं

- रविवारी पिशव्या भरून भाजी येते, पण गुरुवारी संध्याकाळी "आज काय करू?" हा प्रश्न उभाच असतो.
- मेथीची जुडी पिवळी पडते, कोथिंबिरीला पाणी सुटतं, अर्धी कोबी कडेने काळी होते.
- रोज कुणीतरी एक-दोन वस्तूंसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतं आणि येताना चार जास्तीच्या घेऊन येतं.
- आठवड्यातून तीनदा बटाटा होतो.
- तूरडाळीची दोन पाकिटं फोडलेली असतात आणि हिंग संपल्याचं मात्र तेल तापल्यावर कळतं.
- भाजीचा खर्च वाढत जातो, ताटातली भाजी वाढत नाही.

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढे वाचा. एक लक्षण मात्र वेगळं आहे. भाजीबरोबर दूध, ताक, रात्रीची आमटीही लवकर आंबत असेल तर नियोजनाला दोष देऊ नका. थेट खाली फ्रीजच्या तपासणीकडे जा.

पहिली तपासणी: टाकता काय?

फ्रीजच्या दारावर एक कागद लावा. ओल्या कचऱ्यात खायची वस्तू टाकायच्या आधी तिचं नाव लिहायचं, एवढंच. कुणी टाकली ते लिहू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कुणी लिहीत नाही. हा कागद एक आठवडा भरला की बिघाडाचा प्रकार कळतो.

पालेभाज्याच पालेभाज्या दिसल्या तर शिजवण्याचा क्रम चुकतो आहे. अर्धा नारळ, अर्धी कोबी, दुधीचा तुकडा असं उरलंसुरलं दिसलं तर वजन चुकतं आहे. शिजवलेलं अन्न जास्त असेल तर जेवायला किती माणसं आहेत हे स्वयंपाक करणाऱ्याला वेळेवर कळत नाही. किडलेलं धान्य किंवा न फोडलेली पाकिटं असतील तर किराण्याचं कपाट तपासायला हवं. ही तपासणी वगळून पुढची उपाययोजना केली तर बहुतेकदा भलत्याच गोष्टीवर मेहनत होते.

दुसरी तपासणी: आधी काय शिजवता?

मी बघितलेल्या बहुतेक घरांत खोट इथेच होती. यादी चांगली असते, खरेदी चांगली असते, भाजीसुद्धा ताजी असते. चूक असते ती क्रमात.

सोमवारी माणूस कामावरून दमून येतो. फ्रीज उघडतो तेव्हा समोर मेथी असते आणि टोपलीत बटाटे. मेथी निवडायला वीस मिनिटं, धुवायला वेगळी. बटाटा कुकरला लावला की काम झालं. म्हणून सोमवारी बटाटा होतो, मंगळवारी फ्लॉवर, बुधवारी कुणीतरी मेथीकडे बघतं तेव्हा ती पिवळी पडलेली असते. टिकणारी भाजी आधी संपते, कारण तिला कष्ट कमी. नाजूक भाजी मागे राहते, कारण तिला कष्ट जास्त. मग गुरुवारी फ्रीजमध्ये फक्त खराब झालेलं उरतं.

पालेभाजी एवढ्या लवकर का जाते हे समजून घेतलं तर नियम पाळायला सोपं जातं. तोडल्यानंतरही भाजीचं श्वसन चालूच असतं आणि तिच्यातलं पाणी उडत राहतं. पानाचा पसारा मोठा आणि जाडी नगण्य, त्यामुळे पाणी झपाट्याने जातं. दुधी, लाल भोपळा, सुरण यांची साल हे पाणी आत धरून ठेवते. कोबीची बाहेरची पानं आतल्या पानांना तेच संरक्षण देतात.

म्हणून भाज्यांचे तीन गट करा. पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या: मेथी, पालक, शेपू, चाकवत, चुका, अंबाडी, अळू, मशरूम. मधल्या: भेंडी, गवार, घेवडा, वांगी, दोडका, फ्लॉवर, सिमला मिरची. शेवटच्या: कोबी, दुधी, गाजर, बीट, लाल भोपळा, सुरण, बटाटा. रविवारी सकाळी बाजार करणाऱ्या घराचा आठवडा मी साधारण असा लावून देते: रविवारी रात्री पालक, सोमवारी मेथी, मंगळवारी भेंडी किंवा गवार, बुधवारी वांगी, गुरुवारी मटकीची उसळ, शुक्रवारी दुधी किंवा कोबी, शनिवारी पिठलं. बटाट्याला शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही. हा एकच नियम पाळून कित्येक घरांचा प्रश्न पुढच्या तपासणीपर्यंत न जाताच मिटलेला आहे.

कागदावर भाजीचं नाव लिहा, पदार्थाचं लिहू नका. "सोमवारी मेथीचे ठेपले" असं लिहिलं आणि त्या दिवशी उशीर झाला, तर ठेपलेही होत नाहीत आणि मेथीही राहून जाते. नुसतं "मेथी" लिहिलं असेल तर वेळ असल्यास ठेपले, नसल्यास मेथी घालून डाळ किंवा पीठ पेरून परतलेली भाजी. त्या दिवशी मेथी संपली याला महत्त्व आहे.

तिसरी तपासणी: निवडतं कोण आणि कधी?

क्रम लावूनही सोमवारी मेथी होत नसेल तर कष्ट चुकीच्या दिवशी पडले आहेत. ते बाजाराच्या दिवशी हलवा. पिशव्या घरी आल्या की पालेभाजी ओट्यावर किंवा टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून निवडून टाकायची. वर्तमानपत्र फक्त निवडायला. निवडलेली भाजी त्यात गुंडाळून ठेवू नका. छपाईची शाई अन्नाला लागते आणि अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचंही सांगणं आहे. जुना स्वच्छ पंचा किंवा सुती कापड घ्या, त्यात कोरडी पानं सैल गुंडाळा आणि डब्यात ठेवा.

धुवायची मात्र शिजवायच्या वेळीच. ओली पानं डब्यात कुजतात. बाजारात पाणी मारलेली जुडी मिळाली तर तासभर पंख्याखाली पसरून मग ठेवा. कोथिंबिरीची मुळं कापून, खराब काड्या काढून, कोरड्या कापडात ठेवली तर आठवडा सहज काढते. भेंडी पुसून कोरडी ठेवा. गवारीच्या शिरा काढून ठेवल्या तर मंगळवारी ती वीस मिनिटांत होते.

जो बाजार करतो त्याने निवडावं, असा नियम घरात करून बघा. हा नियम लागू झाला की चार-चार जुड्या घरी येणं आपोआप थांबतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

चौथी तपासणी: भिंतीवरचं कालनिर्णय

आठवड्याचं नियोजन कालनिर्णयासमोर उभं राहून करा. आपल्याकडे आठवडा कधीच सरळ सात दिवसांचा नसतो. संकष्टीला दिवसभर साबुदाणा आणि रात्री चंद्रोदयानंतर जेवण, म्हणजे त्या दिवशीची दुपारची भाजी गेली. एकादशीला दोन्ही वेळच्या गेल्या. श्रावणात सोमवार आणि शनिवार धरणारी घरं आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर नेहमीच्या अंदाजाने दोन किलो कांदा आणण्यात अर्थ नाही. एका घरी दर पंधरवड्याला नेमाने दोन भाज्या वाया जात होत्या. घरातल्या आजींची एकादशी खरेदी करणाऱ्याच्या हिशोबात नव्हती, एवढंच त्याचं कारण होतं.

मांसाहारी घरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार ठरलेले असतील तर त्या दिवसांची भाजी निम्मी करा. किनाऱ्यावरच्या आणि मुंबईच्या घरांनी आणखी एक गोष्ट धरावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजे मासे कमी आणि महाग होतात. जवळा, सुके बोंबील, सोडे मे महिन्यातच भरून ठेवलेले असतील तर या दोन महिन्यांतला आठवडा कोलमडत नाही.

लग्नकार्य, डबा बंद असणारी सुट्टी, गावाला जाणं, पाहुणे हेही त्याच कागदावर लिहा.

पाचवी तपासणी: वजन

चार माणसांच्या घराला भेंडी, गवार, वांगी यांसारखी भाजी एका वेळेला साधारण अर्धा किलो लागते. पालेभाजी शिजून बसते, म्हणून जुडीच्या आकारावर जाऊ नका. पावसाळ्यातली लहान जुडी आणि डिसेंबरातली भरघोस जुडी यांत खूप फरक असतो. "चार जुड्या" असं ठरवून जाण्यापेक्षा निवडून किती उरेल त्याचा अंदाज घ्या.

भाजी वाया जाते म्हणून अनेकजण खरेदीच कमी करतात. हा उपाय चुकीचा आहे आणि तो बघून मला वाईट वाटतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात बटाटा सोडून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. चार माणसांचे आठवड्याचे होतात ११ किलोच्या वर. बहुतेक घरं याच्या निम्म्यावरही नसतात. तेव्हा वाया जाणं थांबवा, ताटातली भाजी कमी करू नका. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा यांची कोशिंबीर मोजणीत धरली की हा आकडा वाटतो तेवढा लांब नाही.

सहावी तपासणी: खरेदीचा वार

गावाकडे आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो. तुमचा आठवडा त्या दिवशी सुरू होतो, सोमवारी नाही. बाजार गुरुवारचा असेल तर वर दिलेला क्रम गुरुवारपासून मांडा. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी मोठी आवक होते, त्यामुळे रविवार-सोमवारच्या भाजीला ताजेपणा असतो. तुमच्या भाजीवाल्याकडे ताजा माल कोणत्या दिवशी येतो ते त्यालाच विचारा. ते आनंदाने सांगतात. शिळी भाजी रविवारी घेऊन ती शनिवारपर्यंत टिकावी ही अपेक्षा धरता येत नाही.

विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पालेभाजी आठवड्याची भरू नका. तेव्हा मोठा बाजार एकदा आणि पालेभाजीसाठी मधे एक छोटी फेरी, असंच ठेवा.

सातवी तपासणी: गुरुवारची सोय आहे का?

क्रम, निवडणं, वजन सगळं नीट असूनही आठवड्यात एक दिवस फसतोच. मुलाला ताप येतो, मीटिंग लांबते, वीज जाते. त्या दिवसाची सोय कडधान्यात आहे. पण कडधान्य आयत्या वेळी होत नाही, आणि नेमकी इथेच गोची होते.

गुरुवारी दुपारी मटकीची उसळ हवी असेल तर मंगळवारी रात्री भिजत घाला. बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत गुरुवारची सकाळ होते आणि फडकं उबदार जागी ठेवावं लागतं. म्हणून कागदावर गुरुवारपुढे "मटकी" लिहिलंत तर मंगळवारपुढे "भिजवणे" हेही लिहा. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, तेव्हा एखादा दिवस मागेपुढे झाला तरी चालतं. राजमा, छोले, वाल, पावटे यांनाही आदली रात्र हवीच.

आणि काहीच भिजवलेलं नसेल तर: बेसन, मसूर, अंडी, वडे किंवा सांडगे, कोकम, ताक. पिठलं, मसुराची आमटी, सांडग्यांची भाजी, वरणफळं यांपैकी एक पाऊण तासात उभं राहतं. या वस्तू संपल्या की लगेच यादीत जाव्यात, महिन्याची वाट बघू नये.

आठवी तपासणी: किराण्याचं कपाट

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, म्हणून इतक्या उशिरा सांगते आहे. सगळे डबे बाहेर काढा. जुनं पुढे, नवीन मागे. एका वस्तूचा एकच डबा उघडा असू द्या. डब्यात शेवटची वाटीभर वस्तू उरली की यादीत नाव चढवा, डबा रिकामा झाल्यावर नाही. हिंग, जिरं, मोहरी, हळद या चार वस्तूंसाठी ही सवय असली तरी रोजच्या फेऱ्या निम्म्या होतात.

वर्षाचं धान्य एप्रिल-मे महिन्यात भरणाऱ्यांनी ते कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावं. गरम धान्य झाकलं तर आत वाफ धरते आणि पावसाळ्यात टोके, पोरकिडे होतात. साठवणीच्या डाळीला एरंडेल चोळायची जुनी रीत चांगली आहे. बोरिक पावडर मात्र खाण्याच्या धान्यात घालू नका. ती विषारी आहे आणि धुऊन पूर्ण गेली याची खात्री देता येत नाही. शेंगदाण्याला बुरशी आली असेल तर भाजून वापरू नका, सगळेच टाका. बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही.

बटाटे आणि कांदे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर अंधारात ठेवा. हिरवा पडलेला बटाटा टाकून द्या.

नववी तपासणी: फ्रीज

आधी मांडणी बघा. पिकलेली केळी, आंबे, पपई, सफरचंद यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याने शेजारची पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते. फळं वेगळी ठेवा. फ्रीज ठासून भरला असेल तर थंड हवा फिरत नाही. दूध दारात ठेवू नका. दार सतत उघडतं, त्यामुळे ती जागा सगळ्यात उबदार असते.

मग तापमान बघा. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ५ अंशांच्या वर दिसलं तर फ्रीज आणखी थंड करायचं बटण एक घर पुढे न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट अलगद निघाली तर तिथून थंडी बाहेर जाते आहे. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा बघा. बर्फाचा थर जमला असेल तर फ्रीज बंद करून तो वितळू द्या.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा: रबर साफ करूनही नोट निसटते, बटण फिरवूनही पाणी ५ अंशांच्या खाली येत नाही, कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो किंवा सुरूच होत नाही. सुरीने किंवा उलथण्याने बर्फ खरवडू नका. आतली नळी फुटली तर गॅस जातो, आणि आजकालच्या अनेक फ्रीजमधला गॅस ज्वलनशील असतो. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

शिजवलेल्या अन्नाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे हे सर्रास होतं. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, हे बंद करा. भातातले काही जिवाणू उकळूनही टिकतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणीने जात नाही. उरलेला भात पसरट ताटात गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात तासाभरातच. सकाळचा फोडणीचा भात तेवढाच चांगला होतो.

दहावी तपासणी: घरातली माणसं

ही सगळ्यात अवघड. नऊ तपासण्या करूनही घडी बसत नसेल तर बहुतेक वेळा सगळे निर्णय एकाच माणसाच्या डोक्यात असतात. काय संपलं, काय भिजवायचं, कुणाचा उपवास, कुणाचा डबा. ती व्यक्ती चार दिवस आजारी पडली की स्वयंपाकघर बंद पडतं. मदत करणारे असतात, पण "काय आणू?" हे विचारून तो विचार पुन्हा तिच्यावरच टाकतात.

कामं न वाटता जबाबदारी वाटा. पालेभाजी एकाची: आणणं, निवडणं, संपतं की नाही बघणं, सगळं. कडधान्य दुसऱ्याचं. यादीचा कागद तिसऱ्याचा. बारा वर्षांचं मूलही मंगळवारी रात्री मटकी भिजत घालू शकतं. शनिवारी चहाच्या वेळी दहा मिनिटं सगळ्यांनी बसून पुढचा आठवडा मांडा. घरातला कोणी या दहा मिनिटांना येत नसेल तर त्याने गुरुवारी भाजीला नाव ठेवायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या.

घरगुती उपाय कुठे संपतात

महिन्याच्या वीस तारखेलाच पैसे संपत असतील आणि वाया काहीच जात नसेल, तर हा नियोजनाचा दोष नाही आणि जास्त काटेकोर याद्या करून तो सुटणार नाही. अशा वेळी रेशन कार्ड चालू आहे का, सगळ्यांची नावं त्यात आहेत का, हे रेशन दुकानात किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात जाऊन बघा. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं. नाव वगळलेलं असेल तर तेवढं धान्य सुटतं.

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, वजन न वाढणारं मूल, जेवण कमी झालेले वयस्कर, यांच्यासाठी माझा किंवा कुणाचाही तयार आठवडा वापरू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पालक, टोमॅटो, बटाटा, कडधान्यं, म्हणजे वर मी भरभरून सुचवलेल्याच गोष्टी, कदाचित मोजून खाव्या लागतील. त्यांचा तक्ता डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडून घ्या. त्यांच्याकडे जाताना घरात रोज काय शिजतं आणि कोणत्या दिवशी कोणता उपवास असतो ते लिहून न्या, म्हणजे तक्ता तुमच्या स्वयंपाकघरात चालेल असा मिळेल.